दिवसा झोपणाऱ्याचं साउंडप्रूफ सीलिंग: काय थांबलं, काय नाही

साठ हजारांच्या आसपास खर्च करून बेडरूमला साउंडप्रूफ सीलिंग करून घेतलं, त्याचा हा रिव्ह्यू. निकाल आधीच सांगून टाकतो. खुर्ची ओढल्याचा, भांडं पडल्याचा, मिक्सरचा आवाज बऱ्यापैकी गेला. वरचं पोरगं सोफ्यावरून उडी मारतं तो दणका जवळजवळ आहे तसाच आहे. आणि वरच्यांच्या घरात चारेक हजारांचं रबर लावून जो फरक पडला, तो रुपयाच्या हिशेबात सीलिंगच्या कितीतरी पुढे आहे. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल.

मी चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. शिफ्टा फिरत्या. थर्ड शिफ्टचा आठवडा लागला की सकाळी साडेसातला घरी, आंघोळ, नाश्ता आणि नऊच्या सुमाराला अंथरुणावर. नेमकं तेव्हाच वरचं घर कामाला लागतं. केर काढताना प्लास्टिकच्या खुर्च्या सरकतात, ओट्याखालचा सिलिंडर ओढला जातो, वॉशिंग मशीन स्पिनला येतं, खलबत्त्यात शेंगदाण्याचं कूट होतं. यात कुणाचं काही चुकत नाही. सकाळी दहा वाजता माणसांनी घरात कामं करायची नाहीत तर कधी करायची? सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला आवाजाचा सरकारी नियम काढून दाखवला होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. माझी रात्र सकाळी नऊला सुरू होते, त्यामुळे मला त्याचा उपयोग शून्य. शिवाय ती मर्यादा परिसरातल्या आवाजाची. छतातून येणाऱ्या टाचेच्या आवाजाला ती कुठून लावणार?

बिल्डिंग मोशीला आहे, मायवानची. म्हणजे विटांच्या भिंती नाहीत, भिंती आणि स्लॅब ॲल्युमिनियमच्या साच्यात एकदमच ओतलेले. मजबुतीला झकास. आवाजासाठी मात्र सगळं घर एकजीव, एका कोपऱ्यात ठोकलं की दुसऱ्या खोलीत ऐकू येतं. स्लॅब पाच इंची. काँक्रीटचं वजन धरलं तर एका चौरस मीटरला तीनशे किलो होतात. एवढं वजन वरच्यांची बोलणी अडवायला पुरेसं असतं आणि अडवतंही. त्यांचा टीव्ही मला ऐकू येतो तो स्लॅबमधून नाही, खिडकीतून आणि बाथरूमच्या डक्टमधून. खिडकी लावली की जातो. पण टाच, खुर्चीचा पाय, सिलिंडरचं कडं हे थेट स्लॅबवरच आपटतं. त्यावर टाइल, टाइलखाली सिमेंट-वाळू, मध्ये मऊ असं काही नाहीच. मग अख्खा स्लॅबच थरथरतो आणि माझं छत स्पीकरसारखं वाजतं. हे दोन आवाज वेगळे आहेत, त्यांचे उपायही वेगळे, हे विकणारे सांगत नाहीत.

विकणाऱ्यांचंच सांगतो. पहिल्या दुकानात मला पिरॅमिडच्या उंचवट्यांचा काळा फोम दाखवला. 'छताला चिकटवा, स्टुडिओसारखी शांतता' म्हणे. मी मोबाईलवर गाणं लावलं, फोन त्या फोममध्ये गुंडाळला आणि दुकानदाराच्या हातात दिला. गाणं मजेत वाजत होतं. असा फोम खोलीतला घुमारा कमी करतो, म्हणून रेकॉर्डिंगवाले लावतात. आवाज अडवायला वजन लागतं, आणि फोमला वजनच नसतं. शिवाय तो पॉलियुरेथेनचा, पेटला तर विषारी धूर. झोपायच्या खोलीत डोक्यावर ते नको. दुसऱ्याने 'साउंडप्रूफ वॉलपेपर' काढला. तिथे मी चहा पिऊन निघालो.

मग एक ठेकेदार मिळाला, ऑफिसं आणि क्लिनिकची पार्टिशनं करणारा. त्याचं नाव देत नाही. एक तर त्याच्या लोकांचा घोळ पुढे येणार आहे, आणि माणूस तसा वाईट नाही. त्याने सांगितलेली पद्धत मला पटली, कारण आमच्या कामात हेच करतो. कॉम्प्रेसर हादरायला लागला की त्याच्या पायांखाली रबरी माउंट जातात, जमीन आणि मशीन यांचा कडक संबंध तोडायचा. इथे तेच उलटं टांगायचं. स्लॅबला अँकर मारून रबरी हँगर, हँगरला जीआय (जस्त चढवलेल्या पत्र्याचे) चॅनेल, चॅनेलला साडेबारा मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांधे एकमेकांवर न येतील असे. मधल्या पोकळीत पन्नास मिलिमीटरची रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर. साधं फॉल्स सीलिंग करतात तेव्हा चॅनेल क्लीटने, म्हणजे धातूच्या पट्टीने, सरळ स्लॅबला कसतात. तिथे हादरा पट्टीतून थेट बोर्डात उतरतो, कधीकधी पोकळीमुळे जास्तच घुमतो. तेव्हा 'फॉल्स सीलिंग करून टाका, आवाज कमी होईल' असं शेजारच्या कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि विसरून जा.

भाव साध्या जिप्सम सीलिंगला मला नव्वद रुपये फूट सांगितला होता, याला तीनशे ऐंशी. खोली अकरा बाय बारा, म्हणजे १३२ चौरस फूट. पन्नास हजार एकशे साठ, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले एकोणसाठ हजार आणि वर थोडे. रंग आणि पंख्याचा लांब रॉड वेगळा. सोसायटीचं एनओसी, मलब्याचं डिपॉझिट, कामाची वेळ दहा ते सहा आणि मध्ये दोन ते चार बंद, हे सगळीकडे असतं तसंच.

हँगरबद्दल जरा थांबून लिहितो, कारण सगळा खेळ तिथे आहे. हातात घेतला तर यू आकाराच्या पत्र्यात बसवलेला काळ्या रबराचा ठोकळा, मधून बोल्ट. बोल्ट आणि पत्रा कुठेही टेकता कामा नये, भार फक्त रबरावर. प्रत्येक हँगरवर किती ते किती किलो टांगायचं हे ठरलेलं असतं. भार कमी पडला तर रबर दबतच नाही, कडक राहतं आणि लोखंडी सळईसारखंच वागतं. जास्त झाला तर पूर्ण चेपून बसतं. माझ्या छताचं वजन मी कागदावर मांडलं. बोर्डाचे दोन थर चौरस मीटरला सतराएक किलो, लोकर तीन, फ्रेम तीन-चार. सव्वाबारा चौरस मीटरला पावणेतीनशे ते तीनशे किलो. वीस हँगर धरले तर प्रत्येकाला चौदा-पंधरा. ठेकेदाराने अठ्ठावीस लिहिले होते, 'मजबुतीसाठी'. मी म्हणालो, मजबुती अँकरची बघ, हँगर वाढवले तर रबर दबणारच नाही. तो हसला, पण वीसवर आला. तुम्ही करून घेणार असाल तर हँगरचा कागद मागा. त्यावर भाराचा आकडा नसेल तर ते रबर कुठलं, काय, देवाला ठाऊक.

रॉकवूलच्या बाबतीत घनता बघा. कोटेशनमध्ये घनमीटरला ६४ किलोची होती, आली ४८ ची. पिशवीवर छापलेलं होतं, म्हणून कळलं. खरं सांगायचं तर आवाजाच्या हिशेबात या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक नाही. पोकळीतला घुमारा मारायला दोन्ही चालतात. पण पैसे ६४ चे लावले होते, तेव्हा परत पाठवली. ही लोकर दगड वितळवून काढलेल्या तंतूंची, पेटत नाही, हा तिचा मोठा गुण. अंगाला खाज सुटते. खोलीतलं सामान बाहेर काढा किंवा प्लास्टिकने नीट गुंडाळा, आणि त्या दिवशी लहान मुलांना आजोळी पाठवा.

आता घोळ. सीलिंगच्या चारही कडांना भिंतीपासून आठ-दहा मिलिमीटरची फट सोडायची आणि ती कायम लवचिक राहणाऱ्या सीलंटने भरायची असं ठरलं होतं. मी फर्स्ट शिफ्टहून आलो तर पोरांनी खिडकीच्या बाजूला बोर्ड सरळ भिंतीच्या पट्टीला स्क्रूने कसलेला, वरून पुट्टी ओढून लखलखीत. दिसायला सगळ्यात सुंदर बाजू तीच. पण आमची भिंत काँक्रीटची, स्लॅबशी एकजीव. म्हणजे वीस रबरी हँगर लावून जो संबंध तोडला, तो एका बाजूने पुन्हा पक्का जोडून दिला. मी ठेकेदाराला फोन लावला. तो म्हणाला, 'साहेब, फट ठेवली तर क्रॅक दिसेल, मग तुम्हीच ओरडाल.' म्हटलं, सीलंट लाव, वर रंग मार, क्रॅक आली तर माझी जबाबदारी. त्याने कुरकुरत ती बाजू उघडून पुन्हा केली. त्यात वेळ गेला, पैसे वाढवले नाहीत, हे त्याच्या बाजूने नोंदवतो. मी घरी आलो नसतो तर पुट्टीखाली काय आहे ते कधीच कळलं नसतं. काम चालू असताना कडा उघड्या बघितल्याशिवाय पुट्टीला हात लावू देऊ नका.

पंखा हा आपल्याकडचा खास प्रश्न. पंखा सीलिंगला टांगायचा नाही, तो स्लॅबच्या हुकालाच. रॉड बोर्डातून खाली येतो तिथे भोक रॉडपेक्षा मोठं, बोर्डाचा रॉडला स्पर्श नको, मधली फट सीलंटने भरायची आणि खाली वाटी. बटणासारखे गोल दिवे छतात कोरायचा मोह होतो. प्रत्येक दिवा म्हणजे दोन्ही थरांना आरपार भोक. मी भिंतीवर ट्यूब ठेवली, बायकोची नाराजी अजून शाबूत आहे. साडेनऊ फुटांची उंची नऊवर आली, त्याचं काही वाटत नाही.

काय झालं ते आवाजवार सांगतो. प्लास्टिकच्या खुर्चीची किर्र, स्टीलचं ताट पडल्याचा खणखणाट, मिक्सर, हे असून नसल्यासारखे. कान देऊन ऐकलं तर कळतात, झोप मोडत नाहीत. सिलिंडर सरकवल्याचा आवाज आधी डोक्यात जायचा, आता दुरून ट्रक गेल्यासारखा. खलबत्ता अर्ध्यावर. टाचा आपटत चालणं ऐकू येतं, पण 'कोणीतरी चाललंय' एवढंच. पोराची उडी मात्र जशीच्या तशी. छातीत धप्प होतं.

याचं कारण गणितात आहे आणि ते ठेकेदाराने कामाआधी सांगायला हवं होतं. टांगलेलं छत आणि पोकळीतली हवा मिळून एक स्प्रिंग होते आणि तिची स्वतःची एक कंपनसंख्या असते. माझ्याकडे चौरस मीटरला सतरा किलोचे बोर्ड आणि चार इंचांची पोकळी. साठला वजन आणि मीटरमधली पोकळी यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागलं की येतात ४५ हर्ट्झच्या आसपास. अशी कुठलीही रचना त्या आकड्याच्या साधारण दीडपटीच्या वर काम करायला लागते, म्हणजे पासष्टच्या पुढे. उडीचा दणका बराचसा त्याच्या खालचा. तिथे हे छत काही करत नाही. पोकळी एक फुटाची केली आणि बोर्ड तिप्पट केले तर आकडा खाली जाईल, पण मग मी खोलीत वाकून चालेन. शिवाय उरलेला हादरा भिंतींमधूनही उतरतो, छताने त्याला काय अडवायचं? मोबाईलच्या डेसिबल ॲपवर विश्वास ठेवून निकाल काढू नका. ती ॲपं कानाच्या हिशेबाने मोजतात, त्यात ५० हर्ट्झचा आवाज तीस डेसिबलने कमी धरला जातो. अंथरूण हादरतं आणि ॲप म्हणतं सगळं शांत.

आणखी एक, वरचे आवाज कमी झाल्यावर इतके दिवस दडलेले बाकीचे वर आले. लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप, आणि पाइपमधून अचानक येणारी ठकठक. पुष्कळांना वाटतं वरती कुणीतरी गोट्या खेळतंय. आमच्या बाबतीत ती नळ झटकन बंद केल्यावर पाइपात बसणाऱ्या पाण्याच्या धक्क्याची निघाली.

आता स्वस्तातल्या उपायाकडे येतो. सीलिंग झाल्यावर उडीचा प्रश्न उरला म्हणून मी वर गेलो. वरची मंडळी लातूरकडची, चांगली माणसं. तक्रार घेऊन गेलो नाही, रबराचे तुकडे घेऊन गेलो. भोसरी एमआयडीसीत रबर शीट किलोवर मिळते. म्हटलं, 'वहिनी, खुर्च्यांना बूट घालायचे आहेत, पाच मिनिटं द्या.' त्या आधी बिचकल्या, मग म्हणाल्या, 'दादा, आमच्यामुळं तुमची झोप होत नाही व्हय? सांगायचं ना आधी.' खुर्च्यांच्या आणि डायनिंग टेबलाच्या पायांना रबरी टोप्या बसवल्या. सिलिंडरखाली चाकांची ट्रॉली, रबरी चाकांची. नायलॉनची चाकं घेऊ नका, टाइलवर ती स्वतःच वाजतात. वॉशिंग मशीनला आधी लेव्हल लावली. एक पाय अधांतरी होता, निम्मा आवाज तिथेच गेला, मग चार पायांखाली बारा मिलिमीटरचे कडक रबराचे चौकोन. जाड मऊ फोमची गादी मशीनखाली टाकू नका, मशीन स्पिनला नाचत नाचत मोरीकडे निघतं. पोरगं जिथे उड्या मारतं त्या सोफ्यापुढे जुनी गादी आणि तिच्यावर सतरंजी घातली. तो खूश, कारण आता उडी मारलेली चालते.

दणका तिथेच मेला, स्लॅबपर्यंत पोचलाच नाही. साठ हजारांच्या छताने जे केलं नाही ते जुन्या गादीने केलं. मशीनखाली माउंट घालायचं सोडून खालच्या मजल्याचं छत मऊ करायला आमच्या कारखान्यात कुणी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. पण फ्लॅटमध्ये मशीन दुसऱ्याच्या घरात असतं, ही अडचण आहे. प्रत्येकाचे वरचे लोक दार उघडून बसवतील असं नाही. माझ्या एका सहकाऱ्याच्या वरचे भाडेकरू दर अकरा महिन्यांनी बदलतात, तो कुणाकुणाच्या खुर्च्यांना बूट घालणार? त्याला मी सीलिंगच सांगितलं.

भाकरीचा आवाज राहिलाच. वहिनी ओट्यावर परातीत भाकरी थापतात. ओट्याचा ग्रॅनाइट भिंतीत रुतवलेला, भिंत एकजीव, त्यामुळे तो थप थप सीलिंगला वळसा घालून भिंतीतूनच उतरतो. भाकऱ्या थापू नका म्हणून सांगायला मी तेवढा बिघडलेलो नाही. पण हे बोलण्यात निघालं तेव्हा त्यांनी स्वतःच गोणपाटाची चौघडी करून परातीखाली घातली. 'परात सरकत पण नाही आता,' म्हणाल्या. ती चौघडी अजून तिथेच आहे, आणि आमच्याकडे अधूनमधून दोन भाकऱ्या आणि ठेचा येतो. हे कुठल्याही कोटेशनमध्ये नव्हतं.

सीलिंगला पाचपैकी तीन. सामानाला चार देईन, हँगर आणि बोर्ड चांगले होते. लावणाऱ्यांना दोन, कडांमुळे. ठेकेदाराने उडीच्या दणक्याबद्दल आधी तोंड उघडलं असतं तर अर्धा अजून. करून घेणार असाल तर आधी स्वतः झोपायच्या वेळी झोपून नीट ऐका, नक्की कुठल्या आवाजाने जाग येते. किर्र, खणखण, बडबड असेल तर हे छत पैसे वसूल करतं. धप्प असेल तर आधी वरच्या मजल्याची बेल वाजवा. भाड्याच्या घरात करू नका, काढून नेता येत नाही.

दुसऱ्या बेडरूमचं काम मी रद्द केलं. त्याच्या चौथाईतही वरच्यांच्या हॉलभर खाली रबराचा थर असलेलं जाड कार्पेट बसेल. निम्मे पैसे देतो म्हणून वहिनींना विचारलंय. दिवाळीला रंग काढायचा आहे, तेव्हा बघू म्हणाल्या.